मुंबईत एकच रात्र हॉटेलात काढायची असेल तर

व्हिसाचा इंटरव्ह्यू, टाटा हॉस्पिटलला रिपोर्ट दाखवायचेत, मंत्रालयात काम आहे, पहाटेची फ्लाईट आहे, कारण काहीही असो, एका रात्रीसाठी मुंबईत यायचं असेल तर ॲप उघडून आधी रेट आणि फोटो बघत बसू नका. आधी हे ठरवा की उद्या सकाळी किती वाजता कुठे उभं राहायचंय. चार दिवस राहणाऱ्याचं हॉटेल थोडं लांब असलं तरी चालतं, एका रात्रीवाल्याचं नाही चालत, कारण आपण पैसे देतो ते सहा तास झोप आणि सकाळी वेळेवर पोचण्याचे. ठाण्यात पाचशे रुपये स्वस्त मिळालं म्हणून घेतलं आणि सकाळी साडेआठला बॅग घेऊन लोकलमध्ये चढायला गेलात तर वाचवलेले ते पाचशे तिथेच गेले समजा.

मंत्रालय-हायकोर्टाचं काम असेल तर फोर्ट किंवा सीएसएमटीच्या आसपास बघा. टाटा हॉस्पिटल परळला आहे, त्यामुळे परळ-दादर. बीकेसीला, म्हणजे बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सला जायचंय तर बांद्रा पूर्व, कलिना, कुर्ला. आणि एअरपोर्टसाठी तिकिटावर टी१ आहे का टी२ ते आधी बघा, 'एअरपोर्टजवळ' एवढ्यावर बुकिंग करू नका, दोन्ही टर्मिनलचे रस्ते वेगळे आहेत. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण सुरू झाली आहे, टी१, टी२, बीकेसी, दादर, सीएसएमटी सगळं एका लाईनवर आलंय, त्यामुळे हिच्या स्टेशनला चालत जाता येईल असं हॉटेल मिळालं तर मी डोळे झाकून तेच घेईन. अजून एक, बाहेरगावच्या लोकांना हे माहीत नसतं, रिक्षा बांद्रा आणि सायनपर्यंतच, त्याच्या पुढे दक्षिणेला काळीपिवळी टॅक्सी किंवा ॲपची कॅब, त्यामुळे पहाटे रिक्षा मिळेल असं धरून परळ-दादरला राहू नका.

आता खरा घोळ होतो तो वेळेचा. महालक्ष्मी, सिद्धेश्वर, विदर्भ या गाड्या सकाळी सकाळी मुंबईत आणून सोडतात आणि हॉटेलचं चेक-इन दुपारी १२ नाहीतर २ ला, म्हणजे अंघोळ करून कामाला जायचंय नेमकी तेव्हाच रूम नाही. साध्या लॉजमध्ये बऱ्याचदा २४ तासांचा हिशोब असतो, सकाळी ७ ला घेतली की दुसऱ्या दिवशी ७ पर्यंत तुमची, तर मोठ्या हॉटेलात दुपारी २ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ११ म्हणजे पैसे पूर्ण दिवसाचे आणि तास एकवीसच. बुकिंग करताना पहिला प्रश्न हाच विचारा, २४ तास आहे का बाराचं चेक-आऊट. पहाटे पोचत असाल तर रेल्वेची रिटायरिंग रूम बघा, कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवरून बुक होते, १२ तासांचा पण स्लॉट असतो, सणासुदीला मात्र लवकर भरते. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून पॉड हॉटेल आहे, म्हणजे रूमऐवजी झोपण्यापुरता छोटा कप्पा, एकट्या माणसाला रात्र काढायला ठीक, पण आई-वडील सोबत असतील तर नको, आत वाकून शिरावं लागतं.

ॲपवर बुकिंग झालं तरी हॉटेलला फोन कराच, हे टाळू नका. गर्दीच्या दिवसांत उशिरा येणाऱ्याची रूम दुसऱ्याला देऊन टाकतात, म्हणून "दादा, रात्री अकरा वाजतील, रूम सोडू नका" असं सांगा आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. त्याच फोनवर विचारा की खाली हॉलमध्ये लग्न-बिग्न आहे का, आणि रूम रोडसाईडची नको, मागच्या बाजूची, लिफ्टपासून लांबची द्या. फोन नंबर मात्र नेटवर जो पहिला दिसला तो लावू नका, खोटी हॉटेलं टाकून ॲडव्हान्स घेणारे खूप झालेत, कुणी फसवलंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला कळवा. रेट टॅक्स धरून आहे का तेही विचारून घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारापर्यंतच्या रूमला जीएसटी ५ टक्के आहे, कुणी अजून १२ लावत असेल तर बिल दाखवून बोला.

काउंटरला आधारची झेरॉक्स देण्याऐवजी मास्क्ड आधार द्या, पहिले आठ आकडे झाकलेलं, यूआयडीएआयच्या, म्हणजे आधारच्या साईटवरून फुकट डाउनलोड होतं, नाहीतर लायसन्स द्या. ऑफिसचं बिल हवं असेल तर कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर तेव्हाच लिहून द्या, सकाळी घाईत बिल बदलून देत नाहीत. लॉज असेल तर रूम बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आतून कडी नीट लागते का, फ्लश चालतो का, गरम पाणी किती ते किती, फोनला रेंज आहे का, बस्स, दोन मिनिटांचं काम. आणि सामान ठेवल्यावर एकदा जिन्यापर्यंत चालत जाऊन या, तो उघडा आहे का खोक्यांनी भरलाय ते बघा. एप्रिल २०२५ मध्ये कोलकात्यात बडाबाजारच्या हॉटेलला आग लागून १४ माणसं गेली, बरेच जण धुराने गुदमरून, म्हणून मी हे कळकळीने सांगतोय. जिना बंद दिसला तर दुसरं हॉटेल बघा, रात्रीचे अकरा वाजले असले तरी.

जेवण आल्या आल्या सांगून टाका, किचन बंद झालं की मग बाहेर शोधत फिरावं लागतं. जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगा, तो देणं सक्तीचं नाही, ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे.

झोपायच्या आधी बिल करून ठेवायला सांगा आणि डिपॉझिट दिलं असेल तर ते कसं परत मिळणार, कॅश का यूपीआय, ते विचारून घ्या, कारण सकाळी आठ-नऊला काउंटरला पंधरा माणसं उभी असतात आणि सगळ्यांनाच घाई असते. अमेरिकन व्हिसावाल्यांना फोन, लॅपटॉप आत नेता येत नाही, त्यामुळे बॅग हॉटेलातच ठेवून जा. चेक-आऊटनंतर बहुतेक ठिकाणी बॅग ठेवून घेतात, पण टोकन घ्या आणि संध्याकाळी काउंटरला दुसरा माणूस असेल का ते विचारा. हॉटेल नाही म्हणालं तर सीएसएमटी, दादरला क्लोक रूम, म्हणजे रेल्वेची सामान ठेवायची खोली आहे, तिथे तिकीट लागतं आणि बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत, तर निघतानाच एक छोटं कुलूप टाकून ठेवा.