कार्डावर ‘विष्णू’ लिहिण्याआधी

आमच्या वाचनालयात नवा मदतनीस आला की मी त्याच्यापुढे आधी विष्णूंचा, म्हणजे विष्णू नावाच्या लेखकांच्या पुस्तकांचा, गठ्ठा ठेवते आणि त्यांची सूचीकार्डं करायला सांगते. तो नीट लावता आला की बाकीचं कपाट जड जात नाही.

आधी वडिलांचं नाव शोधा. आपल्याकडे ते नावातच असतं, ते कार्डावर गाळू नका. विष्णू नारायण म्हणजे भातखंडे, विष्णू दिगंबर म्हणजे पलुसकर. नुसतं ‘वि.’ दिसलं म्हणून विष्णू धरून चालू नका. वि. दा. सावरकर विनायक, वि. रा. शिंदे विठ्ठल, वि. का. राजवाडे विश्वनाथ. राजवाड्यांचं नाव रोमन लिपीत असेल तर जास्तच जपा. ‘निरुक्त’ या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ग्रंथावर काम केलेले वैजनाथ काशिनाथ हे त्यांचे थोरले बंधू, आणि तिथे दोघांची आद्याक्षरं एकच.

जुन्या लेखांत पुष्कळदा नुसतं ‘विष्णुशास्त्री’ असतं. मग विषय आणि साल बघायचं. विष्णुशास्त्री पंडित (१८२७–१८७६) ‘इंदुप्रकाश’ या इंग्रजी-मराठी पत्राच्या मराठी बाजूचे संपादक, विधवाविवाहासाठी झटलेले. विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–१८८२) ‘निबंधमाला’कार, लोकहितवादी आणि जोतीराव फुले यांच्यावर त्यांनी कडाडून टीका केली. १८७० साली पुण्यात पुनर्विवाहावर जो वाद झाला, त्यातले विष्णुशास्त्री पंडितच. चिपळूणकर तेव्हा कॉलेजात शिकत होते. इथे गफलत झाली तर सुधारकाचं काम सुधारकांच्या टीकाकाराच्या नावावर जमा होतं. पंडितांचं नाव आधीच फारसं कुणी घेत नाही, म्हणून या कार्डाबाबत मी फार कडक आहे.

संगीताच्या पुस्तकांची पहिली पानं हमखास फाटलेली असतात. तेव्हा स्वरलिपी, म्हणजे स्वर लिहिण्याच्या खुणा, बघा. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू म्हणजे तार (वरचं) सप्तक, खाली बिंदू म्हणजे मंद्र (खालचं). पलुसकर पद्धतीत डोक्यावरचा बिंदू मंद्राचा, आणि तार सप्तकाला वर उभी रेघ. म्हणजे तोच बिंदू एकीकडे वरचा सा, दुसरीकडे खालचा! भातखंड्यांकडेही उभी रेघ आहे, पण ती फक्त ‘म’वर, तीव्र (चढ्या) मध्यमासाठी. तेव्हा ‘सा’ किंवा ‘प’च्या डोक्यावर उभी रेघ दिसली की पुस्तक पलुसकर पद्धतीचं. कोमल गंधारही, म्हणजे उतरलेला ‘ग’, ताडून पाहा: भातखंड्यांकडे ‘ग’खाली आडवी रेघ, पलुसकरांकडे पाय मोडलेला ‘ग्’. यावरून पद्धत कळते, लेखक नव्हे. पुस्तक एखाद्या शिष्याचंही असू शकतं. म्हणून लेखकाची जागा मोकळी ठेवा आणि पद्धत पेन्सिलीनं लिहा.

राहिले खांडेकर आणि शिरवाडकर. दोघेही ज्ञानपीठाचे मानकरी, खांडेकर १९७४चे, शिरवाडकर १९८७चे. दोघेही दत्तक गेल्यावर विष्णू झाले, आणि जन्मनावं दोघांचीही गणपतीची: गणेश आत्माराम खांडेकर, गजानन रंगनाथ शिरवाडकर. मुख्य कार्ड विष्णू सखाराम आणि विष्णू वामन या नावांनीच करा, पण मुख्य कार्डाकडे वळवणारं जन्मनावाचं एकेक जोडकार्ड ठेवाच. चरित्र चाळणारा वाचक त्याच नावानं विचारत येतो. शिरवाडकरांना तिसरंही कार्ड लागतं, ‘कुसुमाग्रज’. कविता त्या नावानं आणि नाटकं शिरवाडकर नावानं, त्यामुळे ‘विशाखा’ आणि ‘नटसम्राट’ एकाच माणसाची आहेत हे नव्या वाचकाला त्या कार्डावरूनच कळतं.