लाकडी जमीन निवडताना कडकपणा शेवटी बघा

लाकडी फ्लोअरिंग बसवणं हे माझं रोजचं काम. नमुने मांडले की समोरचा माणूस हमखास विचारतो, "यातलं सगळ्यात कडक कोणतं?" सांगतो मी, पण तो प्रश्न शेवटचा असायला हवा.

कडकपणा जांका आकड्यात मोजतात. ११.२८ मिमी व्यासाचा पोलादी गोळा लाकडात निम्मा रुतवायला किती जोर लागतो, तो हा आकडा. रेड ओकच्या लाकडाचा आकडा १,२९० पौंड, जटोबा या लाकडाचा साधारण दुप्पट, इपे या लाकडाचा साडेतीन हजारांच्या आसपास. पण यावरून फक्त खळगा पडेल का एवढंच कळतं. ओरखडा आधी पॉलिशवर उमटतो, आणि बुटाखालून आलेल्या वाळूच्या कणाला खालचं लाकूड कोणतं याचं काही देणंघेणं नसतं. इपेवर गडद, चकचकीत पॉलिश मारून घेतलेली माणसं पुढे दिवसभर फडकं घेऊन फिरताना मी पाहिली आहेत.

मी आधी उजेड बघतो. जटोबा नवा असतो तेव्हा फिकट तांबूस, मग उन्हाउजेडात काही महिन्यांत गडद लालसर होतो. एका घरात वर्षभराने गालिचा हलवला, तर खाली अगदी त्याच मापाचा फिकट चौकोन! मालकिणीला वाटलं, मी तिथे वेगळ्या पट्ट्या बसवल्या. पडूक लाकडाचा भगवा-लाल रंगही असाच तपकिरीकडे झुकतो. म्हणून नमुन्याचा तुकडा अर्धा पुठ्ठ्याने झाका, खिडकीत चार-सहा आठवडे ठेवा, आणि उघड्या अर्ध्याचा रंग आवडला तरच ते लाकूड घ्या.

मग ओलावा. इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. सुरुवातीच्या काळात गिलावा अजून ओला असलेल्या खोलीत मी पट्ट्यांचे गठ्ठे आठवडाभर 'सवयीला' ठेवले आणि मग बसवले. लाकडाने सवय लावून घेतली, पण त्या दमटपणाची. पुढे एसी सुरू झाला आणि नाणं उभं राहील एवढ्या फटी पडल्या. आता ओलावा मोजायचा मीटर लावल्याशिवाय एकही पट्टी ठोकत नाही. रुंद पट्टी असेल तर ती आणि खालचं प्लायवुड यांच्या ओलाव्यात दोन टक्क्यांहून जास्त फरक नको. सागवान आणि मेरबाव ही लाकडं ओलाव्याने कमी फुगतात-आकसतात. थेट काँक्रीटवर बसवायचं असेल तर मी इंजिनिअर्ड पट्टीच सुचवतो, म्हणजे खाली प्लायवुडसारखे थर आणि वर खरं लाकूड, पण वरचा खऱ्या लाकडाचा थर विचारून घ्या. चार मिमी असेल तर पुढे घासून पुन्हा पॉलिश करता येतं, एक मिमी असेल तर नाही.

मेरबाव घेण्याआधी त्याच्या कोऱ्या तुकड्यावर ओलं पांढरं फडकं ठेवून बघा, तपकिरी होतं. दाराशी फिकट दगड असेल तर डाग पडलाच समजा. कुमारू आणि सागवान ही लाकडं तेलकट, त्यावर पॉलिश आणि गोंद नीट धरत नाहीत. ॲसिटोनने पुसून आधी एका पट्टीवर करून बघायचं.

दुकान किंवा कॅफे असेल तर दारापासून काउंटरपर्यंतची वाट आधी झिजते. ॲल्युमिनियम ऑक्साइडचं फॅक्टरी पॉलिश टिकतं खूप, पण गेलं की तेवढाच पट्टा दुरुस्त करणं अवघड. तेलाचं फिनिश लवकर उतरतं, पण रात्री दुकान बंद केल्यावर तेवढीच वाट पुन्हा तेलवता येते. अशा जागी मी तेलच सांगतो.

बिलावर शास्त्रीय नाव लिहून घ्या. 'ब्राझिलियन चेरी' म्हणजे जटोबा, त्याचा चेरीशी काही संबंध नाही. उलट ते चिंचेचं भावकीतलं झाड. 'ब्राझिलियन वॉलनट' म्हणजे इपे. २५ नोव्हेंबर २०२४ पासून इपे आणि कुमारूच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) कराराचं नियंत्रण आहे, त्यामुळे विक्रेत्याकडे आयातीची कागदपत्रं मागायला संकोच नको.

माल दहा टक्के जास्त घ्या, तोही एकाच लॉटमधला. उरलेल्या पट्ट्या माळ्यावर अंधारात फिकटच राहतात. दुरुस्तीला वापरायच्या असतील तर दोन-तीन महिने आधी खाली काढून उजेडात ठेवा.