शेअर्ड सर्व्हरवर जावाचं ॲप पडलं? या चुका टाळा

लातूरच्या क्लासचं निकालाचं पान असो, उदगीरच्या अडत दुकानाचा हिशोब असो की गावच्या दूध संकलन केंद्राची नोंदवही, मराठवाड्यात असली छोटी कामं शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर, टाकायची ती पैसे वाचवण्यासाठी. स्वतंत्र सर्व्हरचं भाडं या मंडळींना परवडत नाही आणि एवढ्याशा कामाला त्याची गरजही नसते. पण लॅपटॉपवर सुरळीत चालणारं ॲप तिथे गेलं की पडतं, आणि आपण पहिलं काय करतो, तर टॉमकॅट (जावाची वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर) रीस्टार्ट. ही सवय आधी मोडा. रीस्टार्टनंतर ॲप काही वेळ चालतं, दुखणं तसंच राहतं आणि लॉगमधली, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमधली, कामाची ओळ नव्या ओळींच्या ढिगाखाली जाते.

आधी लॉग उघडा. बरेच जण फक्त 'कॅटलिना डॉट आउट' बघतात. तिथे 'वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट' एवढंच दिसतं आणि माणूस हातपाय गाळतो. खरा मजकूर बहुतेक वेळा शेजारच्याच, 'लोकलहोस्ट' आणि तारीख असं नाव असलेल्या फाइलमध्ये असतो. तिथला स्टॅक ट्रेस (एरर कुठून कुठे आली ते दाखवणाऱ्या ओळी) वरून वाचत बसू नका. खाली जा, शेवटचं 'कॉज्ड बाय' शोधा. वरच्या पन्नास ओळी बऱ्याचदा स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या असतात, मूळ कारण त्या एका ओळीत असतं.

त्या ओळीत 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' दिसलं तर पुढचे आकडे बघा. 52 म्हणजे जावा 8, 55 म्हणजे 11, 61 म्हणजे 17. तुमची क्लास फाइल (बिल्ड झालेला जावा कोड) 61 ची आणि सर्व्हर 52 पर्यंतच वाचणारा, तर कोडमध्ये काहीही चुकलेलं नाही. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जावाची आवृत्ती बदलता येते का बघा, नाहीतर जुन्या आवृत्तीसाठी पुन्हा बिल्ड करा. कोणतं होस्टिंग घ्यायचं हे ठरवण्याआधीच ही आवृत्ती विचारून घेतलेली बरी.

टॉमकॅट 9 वरून 10 वर जाताना वेगळाच घोळ होतो. 10 पासून 'जावाएक्स डॉट सर्व्हलेट' हे पॅकेज जाऊन 'जकार्ता डॉट सर्व्हलेट' आलं. जुनी वॉर फाइल (अख्खं ॲप बांधलेली एक झिप) डिप्लॉय होते, लॉगमध्ये ओरड नसते आणि ॲनोटेशनवर चालणारी सर्व्हलेट (विनंतीला उत्तर देणारा जावा क्लास) मात्र 404, म्हणजे 'पान सापडलं नाही', देते. पोरं मग तासन्‌तास यूआरएल तपासत बसतात. अशा वेळी इम्पोर्टच्या ओळी बघायच्या.

वॉर फाइल थेट 'वेबॲप्स'मध्ये एफटीपीने चढवू नका. आपल्याकडे अपलोड अर्ध्यावर असताना लाइट जाते, आणि ऑटोडिप्लॉय चालू असेल तर टॉमकॅट ती अर्धवट फाइलच उघडायला जातं. 'एरर इन ओपनिंग झिप फाइल' दिसलं तर आधी फाइलचा आकार लॅपटॉपवरच्या फाइलशी ताडून पाहा. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये पूर्ण चढू द्या, मग हलवा. चालू ॲपवर दिवसातून अनेकदा नवी वॉर टाकणंही टाळा. जुना क्लासलोडर (ॲपचे क्लास मेमरीत आणणारा भाग) कुठे अडकून राहिला तर मेमरी सुटत नाही आणि शेवटी 'मेटास्पेस'ची, म्हणजे क्लासची माहिती ठेवायच्या जागेची, आउट ऑफ मेमरी येते.

विंडोजवर 'Nikal' आणि 'nikal' ही फाइलची नावं एकच असतात, तसंच सर्व्हरवरही असेल असं धरून चालणारेही पुष्कळ. सर्व्हरवर लिनक्स असेल तर ते कॅपिटल-स्मॉल वेगळं मानतं.

आता मराठी अक्षरं. आपल्या भागातल्या ॲपला हा त्रास हमखास होतो आणि इंग्रजी मदतपानांवर त्याचा नीट छडा लागत नाही. फॉर्ममध्ये 'ज्ञानेश्वर' टाकलं आणि परत 10 प्रश्नचिन्हं आली, तर प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त यांच्या जागी एकेक चिन्ह बसलंय. बहुधा डेटाबेसकडे जाणारं कनेक्शन युनिकोडचं नव्हतं. टेबलातही तीच चिन्हं दिसली तर मूळ नाव गेलं, ते परत येणार नाही. याउलट टिंबं-रेघा असलेल्या रोमन अक्षरांची गिचमिड दिसत असेल तर बाइट्स बहुधा बरोबर आहेत, वाचणारा चुकतोय. पोस्ट फॉर्मसाठी पॅरामीटर वाचायच्या आधी कॅरेक्टर एन्कोडिंग यूटीएफ-8 ठरवा. टेबल, कनेक्शन आणि पान, तिन्ही ठिकाणी तेच हवं. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर 'यूटीएफ8एमबी4' हा कॅरेक्टर सेट घ्या. जावा 18 च्या आधी डीफॉल्ट कॅरेक्टर सेट सर्व्हरच्या लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) ठरायचा, म्हणून फाइल वाचतानाही एन्कोडिंग स्पष्ट लिहा.

निकालाच्या दिवशी पान पडतं त्यामागे बऱ्याचदा गर्दीपेक्षा डेटाबेसची न मिटवलेली कनेक्शन्स असतात. शेअर्ड होस्टिंगवर एका युजरला ठरावीकच कनेक्शन्स मिळतात. काम संपताच कनेक्शन आपोआप मिटवणारं जावाचं ट्राय-विथ-रिसोर्सेस वापरा, पूल (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शन्सचा साठा) लहान ठेवा. हिकारी या पूल सांभाळणाऱ्या लायब्ररीचा डीफॉल्ट 10 कनेक्शन्सचा असतो, तुमची मर्यादा त्याहून कमी असू शकते. रात्रभर ॲप पडून राहून सकाळी पहिल्याच माणसाला 'कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर' दिसलं तर मायएसक्यूएलचा 'वेट टाइमआउट' (पडून असलेलं कनेक्शन किती वेळाने तोडायचं ती मर्यादा) तपासा. मुळात तो 28800 सेकंद, म्हणजे 8 तास असतो, होस्टिंगवाले बऱ्याचदा कमी करतात. पूलचा 'मॅक्स लाइफटाइम' (एक कनेक्शन जास्तीत जास्त किती वेळ वापरायचं) त्याहून कमी ठेवा.

दूध संकलनवाल्यांनी वेळेकडे खास लक्ष द्यावं. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर पहाटे 5 वाजता घातलेल्या दुधाची नोंद आदल्या तारखेला पडते, कारण आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे. शेतकऱ्याचा दहा दिवसांचा हिशोब मग जुळत नाही आणि डेअरीच्या दारात भांडण होतं. कोडमध्ये 'एशिया/कोलकाता' झोन स्पष्ट द्या, सर्व्हरच्या घड्याळावर विसंबू नका.

एवढं करूनही सुटलं नाही तर सपोर्टला तिकीट टाका, पण 'साइट चालत नाही, अर्जंट' असं लिहू नका. कोणता यूआरएल, किती वाजता (भारतीय वेळ आणि यूटीसी दोन्ही), कोणता एरर कोड, शेवटची 'कॉज्ड बाय' ओळ आणि त्याआधी तुम्ही काय बदललं होतं, हे द्या. पासवर्ड मात्र लॉगच्या उताऱ्यातून आधी काढून टाका. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये तो राहून जातो.