व्यावसायिकाची कायदेशीर काळजी : ती कशी हाताळावी, जोखीम कशी कमी करावी

व्यवसाय चालवणाऱ्याला कायद्याची भीती बहुधा धूसर स्वरूपात छळते. कुठेतरी काहीतरी राहून गेले असेल, एखादा जुना ग्राहक किंवा सोडून गेलेला कर्मचारी उद्या नोटीस पाठवील, अशी ती धास्ती असते आणि तिला नाव, रक्कम व तारीख नसल्यामुळे तिच्यावर उपायही सुचत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे या काळजीला नाव, रक्कम आणि तारीख देणे. एक साधा तक्ता करावा. काय बिघडू शकते, कोणाशी वाद होऊ शकतो, अंदाजे किती रकमेचा, त्यासंबंधीचा कागद कुठे आहे, कोणती मुदत जवळ येत आहे आणि त्याकडे लक्ष कोणी द्यायचे, इतके रकाने पुरतात. तक्ता भरताना असे दिसून येते की निम्म्या गोष्टींना एखादे पत्र, एखादी सही किंवा एखादे नूतनीकरण एवढेच हवे असते.

उरलेल्या गोष्टींची वर्गवारी शक्यतेवरून करण्यापेक्षा परिणामावरून करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. एखाद्या बिलाचे पैसे बुडणे वारंवार घडते, पण त्याने धंदा बंद पडत नाही; सदोष मालामुळे कोणाला इजा होणे क्वचित घडते, पण ते एकदाच घडले तरी सगळे संपू शकते. पहिल्या प्रकारची जोखीम किमतीत धरून सोसावी. दुसऱ्या प्रकारासाठी व्यवसायाची रचना, करार आणि विमा यांची सोय आधीच करून ठेवावी.

घरापर्यंत काय पोहोचू शकते

एकल मालकीत आणि साध्या भागीदारीत व्यवसायाचे कर्ज हे मालकाचे स्वतःचे कर्ज असते, आणि भागीदारीत तर एका भागीदाराने व्यवसायाच्या नावाने केलेल्या व्यवहाराची जबाबदारी सामान्यतः इतरांवरही येते. कंपनी ही तिच्या भागधारकांपासून वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, हे तत्त्व ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1897 साली सॉलोमन खटल्यात ठामपणे मांडले आणि आज बहुतेक देशांचा कंपनी कायदा त्याच प्रकारच्या विचारावर उभा आहे. मात्र या संरक्षणाला मालक स्वतःच्याच हाताने भोके पाडतात. बँकेच्या कर्जासाठी किंवा जागेच्या भाड्यासाठी दिलेली वैयक्तिक हमी ही त्यातली सर्वांत मोठी. अशा हमीची रक्कम मर्यादित आहे की अमर्याद, ती कोणत्या व्यवहारापुरती आहे आणि व्यवसायातून बाहेर पडल्यावर ती आपोआप संपते की लेखी रद्द करून घ्यावी लागते, हे तीन प्रश्न सही करण्यापूर्वी विचारावेत. घरखर्च आणि कंपनीचा खर्च एकाच खात्यातून करणे किंवा कंपनीच्या वतीने सही करताना हुद्दा न लिहिणे, याही सवयी ही भिंत कमकुवत करतात.

करार : संबंध चांगले असतानाच लिहावा

माझ्या मते व्यावसायिकाकडे कायद्यासाठी मोजकाच वेळ असेल तर त्यातला मोठा हिस्सा करारांवर खर्च करावा, कारण बहुसंख्य व्यापारी वाद हे नेमके काय ठरले होते याविषयीचे असतात. अनेक देशांत तोंडी करारही बंधनकारक असतो; अडचण येते ती सिद्ध करण्याची. ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे संकोचाचे वाटते हे खरे, पण ओळखीच्या माणसाशी झालेला वाद अधिक कडवट होतो आणि कागद मागण्याची योग्य वेळ दोघेही खुशीत असतानाचीच असते.

करार जाडजूड असण्याची गरज नाही. काम कोणते करायचे हे लिहिताना कोणते करायचे नाही हेही लिहावे. काम पुरे झाले असे कशावरून मानायचे, ते कोणी आणि किती दिवसांत तपासायचे, तपासणी झालीच नाही तर काय, हे ठरवावे, कारण पैसे अडकतात ते बहुधा याच टप्प्यावर. पैसे देण्याची तारीख ‘काम झाल्यावर’ अशी न लिहिता बिल मिळाल्यापासून अमुक दिवस अशी लिहावी. करार कोणत्या कारणांनी आणि किती दिवसांच्या सूचनेने संपवता येईल हे लिहावे. काही करारांत मुदत संपताना कोणी हरकत घेतली नाही तर तो आपोआप पुढे वाढतो, तेव्हा ती तारीख तक्त्यात नोंदवावी.

नुकसानभरपाईच्या बाबतीत एक जुना निकाल प्रत्येक व्यावसायिकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. 1854 साली इंग्लंडमध्ये निकाली निघालेल्या हॅडली विरुद्ध बॅक्सेन्डेल या खटल्यात एका गिरणीचा मोडलेला दांडा वाहतूकदाराने पोहोचवायला उशीर केला आणि तोवर गिरणी बंद राहिली. गिरणीमालकाला त्या काळातील बुडालेला नफा मिळाला नाही, कारण दुसरा दांडा नसल्यामुळे गिरणी पूर्ण बंद पडेल ही विशेष परिस्थिती करार करताना दोन्ही पक्षांच्या ध्यानात होती असे न्यायालयाला दिसले नाही. इंग्रजी कायद्याच्या परंपरेतील देशांत हे तत्त्व अजून चालते. त्यातून दोन धडे निघतात. आपण माल किंवा सेवा विकत घेत असू तर उशिरामुळे आपले नेमके काय बुडेल हे करारापूर्वी लेखी कळवावे. आपण पुरवठादार असू तर आपल्या जबाबदारीची कमाल मर्यादा, उदाहरणार्थ कराराच्या एकूण रकमेइतकी, स्पष्ट लिहून घ्यावी. अशा मर्यादेची कलमे सर्वत्र आणि सर्व परिस्थितीत टिकत नाहीत, विशेषतः शारीरिक इजा, फसवणूक आणि सामान्य ग्राहकांशी केलेले करार यांत, त्यामुळे त्यांची भाषा स्थानिक वकिलाकडून तपासून घ्यावी.

सही झाल्यानंतरचे वळण अधिक धोक्याचे असते. फोनवर ग्राहक ‘एवढे जरा बदला’ म्हणतो, आपण बदलतो आणि बिलाच्या वेळी दोघांच्या आठवणी वेगळ्या निघतात. यावर उपाय एका ओळीचा आहे. बोलणे झाल्यावर त्याच दिवशी ‘आजच्या बोलण्याप्रमाणे अमुक बदल, त्याची अमुक किंमत आणि अमुक जादा दिवस’ असा ईमेल पाठवावा. मोबाइलवरील संदेशही पुरावा ठरू शकतात, ही गोष्ट दुधारी आहे: रागाच्या भरात पाठवलेला ‘हो, चूक आमचीच’ हा संदेशही तितकाच टिकतो.

वाद झाल्यास तो कोठे आणि कसा सोडवायचा हे कलम लोक न वाचता सोडून देतात. आधी वरिष्ठ पातळीवर चर्चा, मग मध्यस्थी आणि शेवटी लवाद (म्हणजे दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या त्रयस्थाचा बंधनकारक निवाडा) किंवा न्यायालय, अशी पायरी लिहिता येते. दुसरा पक्ष परदेशातला असेल तर लवादाचा एक मोठा फायदा आहे: लवादाच्या निवाड्यांना परदेशात मान्यता देण्याविषयीच्या 1958 च्या न्यूयॉर्क करारात 170 हून अधिक देश सामील आहेत, त्यामुळे एका देशात मिळालेला निवाडा दुसऱ्या देशात बजावणे तुलनेने सोपे जाते. मात्र लवाद स्वस्त असतोच असे नाही, आणि लहान रकमेच्या वादासाठी निवाडा देणारे तीन त्रयस्थ नेमण्याचे कलम उतरवून घेणे म्हणजे स्वतःचाच मार्ग बंद करणे होय. मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीत जोखीम आणि खर्च कोणत्या ठिकाणी विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे जातो, हे इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या इन्कोटर्म्स नियमांच्या आधारे ठरवता येते. त्यांची 2020 ची आवृत्ती असे आवृत्तीसह नमूद करावे.

जाहिरात, नाव आणि माणसे

जाहिरातीतील वाक्यही करार ठरू शकते. आमचे उपकरण वापरूनही फ्लू झाला तर 100 पौंड देऊ, असे जाहीर करणाऱ्या कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीला 1892 साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ते पैसे द्यायला लावले, आणि ती केवळ जाहिरातबाजी होती हा तिचा बचाव मानला नाही, कारण त्यासाठी बँकेत 1000 पौंड ठेवल्याचे कंपनीने स्वतःच छापले होते. ‘हमखास’, ‘कायमचे’, ‘पैसे परत’ असे शब्द वापरण्यापूर्वी ते पाळण्याची तयारी आणि त्यांचा पुरावा हाती असावा.

व्यवसायाचे नाव व बोधचिन्ह यांची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी लवकर करावी. कंपनी नोंदवल्याने ट्रेडमार्कचे संरक्षण आपोआप मिळत नाही. ट्रेडमार्क नोंदणीसाठीच्या नाइस या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वस्तू व सेवांचे एकूण 45 वर्ग आहेत, त्यांपैकी आपला वर्ग चुकला तर नोंदणी असूनही तिचा उपयोग थोडा.

बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कामाची मालकी हा याहून नाजूक विषय आहे. संकेतस्थळ, आज्ञावली, छायाचित्रे किंवा मजकूर यांचे पैसे आपण दिले म्हणून त्यांचा कॉपीराइट आपला झाला, असे अनेक देशांत मानले जात नाही. तो लेखी हस्तांतरित करून घ्यावा लागतो. हे कलम काम सुरू होण्यापूर्वी मागितले तर कोणी हरकत घेत नाही, काम गाजल्यानंतर मागितले तर त्याची किंमत पडते.

कर्मचारी आणि स्वतंत्र कंत्राटदार यांतला फरकही कागदावरच्या शीर्षकाने ठरत नाही. कामाची वेळ, पद्धत आणि साधने आपणच ठरवत असू आणि तो माणूस दुसऱ्या कोणाचे काम करत नसेल, तर न्यायालय त्याला कर्मचारी मानण्याचा संभव असतो आणि मग मागील देणी, कर व लाभ यांचा हिशेब निघतो. कामावरून कमी करण्याचे वाद टाळण्यासाठी कामगिरीविषयीची नाराजी त्या त्या वेळी, सभ्य भाषेत आणि उदाहरणासह लेखी कळवावी. तीन वर्षे उत्तम शेरे देऊन चौथ्या वर्षी अकार्यक्षमतेचे कारण पुढे करणे कोणत्याही न्यायाधीशाला पटवणे कठीण असते.

ग्राहकांची वैयक्तिक माहिती जितकी कमी साठवावी तितकी जबाबदारी कमी. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा नियम 2018 पासून लागू आहे आणि तो संघाबाहेरील पण तेथील लोकांना वस्तू वा सेवा देऊ करणाऱ्या व्यवसायांनाही लागू होऊ शकतो. माहितीची गळती लक्षात आल्यापासून सामान्यतः 72 तासांत नियामकाला कळवावे लागते आणि गंभीर उल्लंघनाला 2 कोटी युरो किंवा जागतिक वार्षिक उलाढालीच्या 4 टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी तेवढा दंड होऊ शकतो. 72 तासांत कोणी काय करायचे हे गळती झाल्यावर ठरवायला वेळ उरत नाही.

वकील आणि विमा

वकिलाची ओळख संकटापूर्वी असावी. प्रश्न विचारताना घटनाक्रम तारखांसह एका पानात लिहून, संबंधित कागद जोडून आणि आपल्याला नेमका कोणता निर्णय घ्यायचा आहे हे सांगून विचारला, तर शुल्कही कमी पडते आणि उत्तरही नेमके मिळते. वारंवार लागणाऱ्या करारांचे दोन-तीन नमुने एकदाच नीट करून घ्यावेत. कुठून तरी उतरवलेल्या नमुन्यात दुसऱ्याच देशाचा कायदा आणि दुसऱ्याच शहराचे न्यायालय लिहिलेले सापडते, ही गंमत वाटली तरी प्रत्यक्षात महागात पडते.

विम्याच्या बाबतीत पॉलिसीत काय वगळले आहे ते आधी वाचावे. व्यावसायिक जबाबदारीच्या विम्यात बहुधा अशी अट असते की दावा होण्याची शक्यता कळताच विमा कंपनीला कळवावे आणि तिच्या संमतीशिवाय चूक कबूल करू नये वा तडजोड करू नये. ही अट मोडल्यामुळे दावा नाकारला जाऊ शकतो.

नोटीस आल्यावर

प्रथम नोटीस मिळाल्याची तारीख तिच्यावरच लिहावी आणि उत्तराची मुदत शोधावी. उत्तर त्याच दिवशी देऊ नये, पण त्याच दिवशी वकिलाकडे आणि विमा असल्यास विमा कंपनीकडे तिची प्रत पाठवावी. दावा आणण्याची कायदेशीर मुदत उलटून गेली आहे का, हेही वकिलाला विचारावे: साध्या कराराच्या बाबतीत ही मुदत भारतात साधारणपणे 3 वर्षे, तर इंग्लंडमध्ये 6 वर्षे आहे. जुने देणे लेखी कबूल केल्यास ती मुदत पुन्हा सुरू होऊ शकते, म्हणून ‘जमेल तसे देऊ’ असे सौजन्याचे पत्रही विचारपूर्वकच लिहावे.

त्या विषयाचा एकही कागद, ईमेल किंवा संदेश नष्ट करू नये आणि कर्मचाऱ्यांनाही तशी लेखी सूचना द्यावी. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या हिशेब-घोटाळ्याच्या प्रकरणात कागदपत्रे नष्ट केल्यावरून आर्थर अँडरसन या लेखापरीक्षण संस्थेला 2002 साली अमेरिकेत दोषी ठरवण्यात आले; 2005 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला खरा, पण तोवर संस्था जवळजवळ संपलेली होती. आपल्याला गैरसोयीचा कागद नसल्याने जेवढे नुकसान टळते, त्याहून कितीतरी अधिक नुकसान तो फाडल्याचे दिसून आल्याने होते.

यानंतर लढायचे की मिटवायचे हा हिशेब थंड डोक्याने मांडावा. जिंकल्यास मिळणारी रक्कम, जिंकण्याची शक्यता, वकिलाचा खर्च, लागणारी वर्षे आणि मालकाचा स्वतःचा वेळ यांपैकी शेवटची बाब लोक मोजतच नाहीत. इंग्रजी परंपरेतील देशांत तडजोडीची बोलणी ‘विदाउट प्रेज्युडिस’ या अटीवर करता येतात, म्हणजे त्यात देऊ केलेली सवलत पुढे न्यायालयात कबुली म्हणून सामान्यतः वापरता येत नाही. बोलणी जुळली तर तडजोडीच्या कागदावर रक्कम व तारखा, कोणकोणते दावे कायमचे मिटले, गोपनीयता किती, आणि दुसरा हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम लगेच देय होईल का, हे लिहिल्याशिवाय पहिला हप्ता देऊ किंवा घेऊ नये.