गोगलगायी घरी आणण्याआधी: खान्देशातल्या टँकची तयारी

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी पाळायच्या असतील तर टँक पोळ्याच्या सुमारास मांडा आणि गोगलगायी दिवाळी झाल्यावर आणा. नवा टँक मुरायला, म्हणजे त्यात घाण पचवणारे जिवाणू वाढायला, 4 ते 6 आठवडे लागतात. शिवाय दिवाळीपासून होळीपर्यंतच्या हवेत त्यांचा प्रवासही सुखाचा होतो आणि उन्हाळा यायच्या आत त्या घरात रुळतात. एप्रिल-मेमध्ये मुंबई-पुण्याहून पार्सल मागवू नका, दुकानदार कितीही खात्री देवो. प्लॅस्टिकच्या पिशवीतलं अर्धा लिटर पाणी भुसावळच्या फलाटावर दुपारी तासभर पडून राहिलं तर आतल्या जिवाचं काय होत असेल, हे इथल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पट्ट्यात एक गोष्ट गोगलगायींच्या बाजूने आहे आणि एक विरुद्ध. बाजूने आहे ते आपलं क्षारांचं जड पाणी, ज्याला आपण एरवी नावं ठेवतो. विरुद्ध आहे तो उन्हाळा. तयारीतला बहुतेक वेळ आणि पैसा या दोन गोष्टींवर घालवा. बाकीचं सामान कुठल्याही दुकानात मिळतं.

पाण्यापासून सुरुवात करू. गोगलगायीचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं आणि ते वाढवायला लागणारं कॅल्शियम ती पाण्यातून आणि खाण्यातून घेते. पाणी आम्लधर्मी झालं, म्हणजे पीएच 7 च्या खाली गेला, की कवच हळूहळू विरघळतं. आधी टोकाशी पांढरे चट्टे येतात, मग खड्डे, मग भोकं. पीएच 7.2 ते 8 असावा, एकूण कठीणपणा 8 डिग्रीच्या वर आणि कार्बोनेटचा कठीणपणा 5 च्या वर असावा. ज्या बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरा थर चढतो, ते पाणी बहुधा या मोजमापात सहज बसतं. मात्र टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो एकूण क्षार सांगतो, त्यात कॅल्शियम किती ते सांगत नाही. थेंबांचा टेस्ट किट घ्या. त्याच किटने बोअरच्या कोऱ्या पाण्यातलं नायट्रेटही एकदा मोजा, कारण शेतातली खतं झिरपून ते भूजलात उतरतं. कोऱ्या पाण्यातच ते 40 पीपीएमच्या वर निघालं तर दुसरं पाणी शोधा.

जारचं किंवा घरच्या आरओचं पाणी टँक भरायला वापरू नका. त्यातले क्षार काढून टाकलेले असतात आणि गोगलगायीला नेमके तेच हवे असतात. आरओच्या पाण्याचा उपयोग एकच, पण मोलाचा आहे. उन्हाळ्यात टँकमधलं पाणी भराभर उडतं आणि क्षार मागे राहतात. उडालेल्या पाण्याच्या जागी पुन्हा जड पाणी ओतत गेलात तर क्षार साठत जातात, म्हणून ती भर आरओच्या पाण्याने घाला. आठवड्याला जे पाव पाणी बदलायचं, ते मात्र नेहमीचंच असू द्या.

नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढावं लागतं. गावात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून पाणी सोडतात, शहरात क्लोरीन असतंच. पाणी उघड्या टबमध्ये 24 तास ठेवून त्यात एअर पंप चालवा किंवा क्लोरीन मारणारे थेंब घाला. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पिंपं भरलेली असतात. त्यातलं एक झाकणाचं प्लॅस्टिकचं पिंप टँकसाठी राखून ठेवा. डासांच्या अळ्यांसाठी आरोग्य कर्मचारी साठवणीच्या पाण्यात ॲबेट टाकून जातात, ते आपल्या भल्याचंच आहे, पण टँकचं पिंप वेगळं आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली असेल तर तेही पाणी नको. तुरटीने कार्बोनेट खर्ची पडतं आणि पीएच घसरतो.

आता तांबं. या एका गोष्टीबद्दल मला आग्रहाने बोलावंसं वाटतं. मिस्ट्री स्नेलसारख्या (ही टँकमध्ये पाळायची एक जात, तिच्याबद्दल पुढे येईलच) गोगलगायींच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्यातच तांबं असतं, तरीही पाण्यात विरघळलेलं तांबं त्यांना मारतं, आणि ते अगदी थोडं पुरतं. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, हे गोगलगायी मारण्यासाठीही वापरलं गेलेलं औषध आहे. शेतकरी घरात मोरचूद, बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराइड यांतलं काही ना काही असतंच. फवारणीची बादली, मग, नळी, गाळणं, यांपैकी काहीही टँककडे फिरकू देऊ नका, कितीही धुतलेलं असलं तरी. तांब्याच्या हंड्यातलं पाणी माणसाला चालतं, टँकला नाही. पितळेतही तांबं असतं, म्हणून हवेच्या नळीला पितळी कॉक न लावता प्लॅस्टिकचा लावा. माशांवरची बरीच औषधं, विशेषतः पांढऱ्या ठिपक्यांवरची, तांब्याची असतात. बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय एकही थेंब टाकू नका. माशांना मीठ देण्याची पद्धत आहे, तीही या टँकमध्ये नको. मासा आजारी पडला तर उपचार वेगळ्या भांड्यात करा, आणि ते भांडं आत्ताच घेऊन ठेवा.

जागा निवडताना मे महिन्यातली दुपार डोळ्यांसमोर आणा. धाब्याचं जुनं घर असेल तर त्याच्यासारखी जागा नाही. सिमेंटच्या घरात तळमजल्यावरची, उत्तर किंवा पूर्वेची भिंत बघा. पत्र्याखालची खोली आणि वरच्या मजल्यावरची तापणाऱ्या स्लॅबखालची खोली दोन्ही बाद. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच टँक सुरुवातीला पुरतो. काठोकाठ तो 56 लिटरचा भरतो, पण भरायचा 10 इंचांपर्यंतच, म्हणजे साधारण 47 लिटर. वरचे 2 इंच रिकामे ठेवायचे, कारण मिस्ट्री स्नेल सोंडेसारखी नळी पाण्याबाहेर काढून हवा घेते आणि अंडीही पाण्याच्या वर घालते. काच, रेती, पाणी धरून वजन 60 किलोच्या पुढे जातं, तेव्हा टेबल दणकट हवं. झाकण अत्यावश्यक आहे. गोगलगायी रात्री काचेवरून चढून बाहेर पडतात आणि आपल्या कोरड्या हवेत सकाळपर्यंत सुकून जातात.

स्पंज फिल्टर घ्या, त्यात पिलं ओढली जात नाहीत. रेती बारीक आणि बिनधारेची असावी. काळा दगड चालतो. दिवा साधा एलईडी, 7-8 तास. 50 वॅटचा हीटर घ्या, कारण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली उतरतो आणि मिस्ट्री स्नेलला 20 च्या खालचं पाणी मानवत नाही. झाडांत जावा फर्न, ॲन्युबियास, व्हॅलिसनेरिया लावा. दुकानातून आणलेली झाडं आठ-दहा दिवस वेगळ्या बादलीत ठेवून पाणी बदलत राहा, त्यांच्यावर कीटकनाशक असू शकतं.

टँक मुरणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण नव्या टँकमधल्या गोगलगायी बहुधा इथेच दगावतात. विष्ठा आणि सडलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन द्रव्यं विषारी आहेत. नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसतात. रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टँकमध्ये टाकत राहा, फिल्टर बंद करू नका, आणि आठवड्यातून दोनदा चाचणी घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की टँक तयार. ओळखीच्या कुणाच्या चालू टँकमधला स्पंज मिळाला तर काम लवकर होतं, फक्त त्या टँकमध्ये तांब्याचं औषध पडलेलं नाही एवढी खात्री करा. एव्हाना काचेवर शेवाळाचा पातळ हिरवा थर येईल. तो पुसू नका. तेच त्यांचं पहिलं जेवण आहे.

जात कोणती आणायची? शांत स्वभावाच्या म्हणाल तर मिस्ट्री स्नेल आणि नेराइट. मिस्ट्री स्नेल सोनेरी, निळसर, जांभळट अशा रंगांत मिळते, 5 सेंटिमीटरपर्यंत वाढते, चांगली झाडं सहसा खात नाही आणि दिवसाही फिरत असते. मुलांना बघायला तिच्यासारखी दुसरी नाही. आयुष्य वर्ष-दोन वर्षांचं. नर-मादी वेगळे असतात, पण मादी वीर्य महिनोन्‌महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकटी आणलेली मादीही अंडी घालू शकते. पिलं नको असतील तर पाण्यावरचा गुलाबी घोस काढून फ्रीजरमध्ये गोठवा आणि मग टाका. नेराइट लहान, पट्ट्यांची, आणि शेवाळ खाण्यात सगळ्यांत तरबेज. ती काचेवर तिळासारखी पांढरी अंडी चिकटवते, पण ती गोड्या पाण्यात वाढत नाहीत, त्यामुळे संख्या आटोक्यात राहते. या मापाच्या टँकमध्ये मिस्ट्री 3 किंवा नेराइट 4-5 पुरेत. रॅम्सहॉर्न आणि ट्रम्पेट स्नेलही कुणाला त्रास देत नाहीत. फक्त खाणं जास्त पडलं की त्या भराभर वाढतात, आणि ट्रम्पेटला तर पिलं द्यायला नराचीही गरज लागत नाही. असॅसिन स्नेल मात्र टाळा. ती इतर गोगलगायींची शिकार करते.

दुकानात ‘ॲपल स्नेल’ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या जाती विकल्या जातात. कवचाच्या वेटोळ्यांमधली खाच खोल, पन्हळीसारखी असेल तर ती झाडं फस्त करणारी जात समजा. हीच जात 1980 च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानात नेली गेली, शेतात सुटली आणि आशियाभर भातपिकाची शत्रू झाली. म्हणून जादा झालेल्या गोगलगायी तापीत, गिरणेत, पांझरेत किंवा गावच्या पाझर तलावात सोडायच्या नाहीत, हे आणण्याआधीच ठरवा.

उलट दिशेनेही तेच. नदी-ओढ्यातली गोगलगाय उचलून टँकमध्ये आणू नका. आपल्या डबक्यांतल्या काही जाती गुराढोरांच्या यकृतातल्या आणि रक्तातल्या चपट्या कृमींच्या वाहक असतात. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेली आपली पायला मोठी देखणी आहे, उन्हाळ्यात कवचाच्या तोंडावरचं झाकण लावून चिखलात महिनोन्‌महिने निजून राहते. पण ती झाडं खाते आणि तिची खरी जागा तळ्यातच आहे.

सोबतीला गप्पी मासे उत्तम. डास निर्मूलनासाठी आरोग्य विभाग जे गप्पी सोडतो, तेच. मॉली, रासबोरा, कोरीडोरासही चालतात. गोल्डफिश, सिक्लिड, लोच आणि पफर नकोत. ते मिशा तोडतात किंवा सरळ खातात.

खाण्यात आपलं गिलकं पहिल्या नंबरचं. दोडका, काकडी, पालक, कोबीही चालेल. भाजी फवारणीची नाही याची खात्री हवी, म्हणून परसातली किंवा ओळखीच्या शेतातली घ्या, वाहत्या पाण्यात धुवा, दोन-तीन मिनिटं उकळा, गार करून एक चकती टाका. उरलेली 12 तासांत काढा, उन्हाळ्यात 4-5 तासांतच. गोगलगाय टँक साफ करते ही समजूत अर्धीच खरी. ती शेवाळ आणि उरलंसुरलं खाते, पण तिची स्वतःची विष्ठाही भरपूर असते. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस आणा. तुकडा उकळला की तळाशी बसतो. अंड्याचं कवच उकळून, आतला पापुद्रा काढून, कुटून टाकलं तरी चालतं. पानाचा चुना मात्र चुकूनही नको, त्याने पीएच एकदम चढतो. तंबाखू मळलेला हात पाण्यात घालू नये हेही घरात सांगून ठेवा.

उन्हाळ्याचं सामान फेब्रुवारीतच जमवा. पाणी 28 अंशांपर्यंत असलेलं बरं. 30 च्या वर जसजसं जाईल तसतसा पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि गोगलगायीची गरज वाढते. काचेच्या झाकणाऐवजी बारीक, घट्ट बसणारी मच्छरदाणीची जाळी आणि पाण्यावर तिरका वारा मारणारा छोटा पंखा, हा सगळ्यात चांगला उपाय. आपली एप्रिल-मेमधली हवा कोरडी असते, म्हणून बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी 2 ते 4 अंशांनी उतरतं. जूनमध्ये हवा दमट झाली की हाच पंखा निम्मंही काम करत नाही. त्या दिवसांसाठी बाटल्यांत पाणी गोठवून ठेवा आणि बंद बाटली टँकमध्ये तरंगू द्या, पण एका वेळी 2 अंशांपेक्षा जास्त उतरवू नका. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी थेट ओतू नका, पहाटे भरून घरात ठेवा. वीज जाते तेव्हा पंखा आणि एअर पंप दोन्ही बंद पडतात, म्हणून सेलवर चालणारा एअर पंप आणि जादा सेल हाताशी हवेत. आखाजीला गावी जाणार असाल तर शेजाऱ्यांना पंखा, बाटल्या आणि पाण्याची भर तेवढी दाखवून ठेवा. खाणं त्यांच्यावर सोपवू नका, मुरलेल्या टँकमध्ये चार दिवस काही न देता सहज निघतात.

गोगलगायी घरी येतील त्या दिवशी दिवे बंद ठेवा. पिशवी 20 मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगू द्या. मग पिशवीतलं सगळं स्वच्छ भांड्यात ओता आणि हवेच्या नळीला गाठ मारून टँकचं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंबांनी तासभर भांड्यात पडू द्या. पिशवीतलं पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका. गोगलगायीला हळूच उचलून पाय खाली येईल अशी तळावर ठेवा. नेराइट उताणी पडली तर तिला बऱ्याचदा स्वतःहून उलटता येत नाही. मिस्ट्री स्नेल दिवस-दोन दिवस कवचाचं झाकण लावून बसली किंवा तरंगत राहिली तर घाबरू नका. दोन दिवसांनी शंका वाटली तर बाहेर काढून वास घ्या. जिवंत असेल तर झाकण ओढून घेते. मेली असेल तर झाकण सैल लटकतं आणि दुर्गंधी लगेच कळते. तशी निघाली तर त्याच वेळी काढून टाका, पाव पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया तपासा.