घरी केलेल्या ल्युअरसाठी पहिला एअरब्रश कसा निवडावा

ल्युअर म्हणजे मासा फसवायला गळाला लावायचा नकली मासा, आणि त्यावर हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेनासारखं साधन म्हणजे एअरब्रश. तो घ्यायला निघालेला माणूस आधी बजेट ठरवतो आणि मग त्या बजेटात बसणारं मॉडेल शोधतो. माझं म्हणणं असं, की सुरुवात रंगापासून करावी. कोणता रंग फवारायचा हे ठरलं की नोझल, म्हणजे रंग बाहेर पडायचं तोंड ठरतं, नोझलवरून एअरब्रश ठरतो आणि एअरब्रशवरून त्याला दाबाची हवा पुरवणारा कंप्रेसर. हा क्रम उलटला की दोन महिन्यांत एअरब्रश खोक्यात जातो, आणि चांगले ल्युअर घडवू शकणारा हात पुन्हा स्प्रेच्या डब्याकडे वळतो.

पहिली पायरी: कोणते पॅटर्न लागणार ते कागदावर काढा

नागपूरच्या आसपास ल्युअर टाकणाऱ्यांची खरी ओढ मरळीची. बेशरमीच्या झुडपांत, कमळाच्या पानांखाली दबा धरून बसायचं आणि वर काही हललं की खालून झेप घ्यायची, हा तिचा स्वभाव. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं. अशा पाण्यात खालून बघणाऱ्या माशाला ल्युअरचा आकार, पोटाचा उजळपणा आणि एखादा भडक ठिपका एवढंच काय ते दिसतं. म्हणून लागणारे पॅटर्नही ठरलेले: पाठ काळपट हिरवी, बाजूला उतरताना रंग विरत गेलेला, पोट पांढरं किंवा पिवळसर, अंगावर जाळीतून मारलेले खवले आणि गळ्यापाशी नारिंगी डाग. केसासारखी बारीक रेघ यात कुठेच नाही. डोळे तर चिकटवायचे तयार मिळतात.

असे तीन पॅटर्न कागदावर काढा. प्रत्येकासमोर रंग लिहा आणि त्यात मोतिया झाक किंवा चमकी आहे का, तेही लिहा. ही चिठ्ठी खरेदीला सोबत न्या.

लाकूड शिवण असो, पांगारा असो की बाल्सा, रंगाआधी त्यावर छिद्रं बुजवणारा सीलर मारून ते गुळगुळीत घासलेलं हवं. एअरब्रशचा थर इतका पातळ असतो की तो ओरखडे झाकत नाही, उलट ठळक करतो.

दुसरी पायरी: रंग पाण्याचा घ्या

पहिल्या एअरब्रशसाठी पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फ्लॅटच्या बाल्कनीत काम करता येतं, वास नाही, आग लागायची भीती नाही आणि एअरब्रश पाण्याने धुता येतो. ल्युअर रंगवणारे जगभर क्रिएटेक्ससारखे खास एअरब्रशसाठी बनवलेले रंग वापरतात. ते महाग पडतात. नागपुरात सीताबर्डीवर आर्टच्या सामानाच्या दुकानात मिळणारे कॅमल किंवा फेव्हिक्रिलचे ॲक्रिलिकही चालतात, पण ते कुंचल्यासाठी बनवलेले असल्याने दाट असतात. एअरब्रशच्या थिनरने ते साय काढलेल्या दुधाइतके पातळ करायचे आणि जुन्या नायलॉन मोज्यातून गाळून मगच कपात ओतायचे. गाळणं कधीही टाळू नका. नोझल तुंबण्याची निम्मी कारणं त्या मोज्यातच अडकतात.

गाड्यांचे लॅकर किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग लवकर वाळतात आणि घट्ट बसतात हे खरं. पण त्यांच्या थिनरने एअरब्रशमधल्या साध्या रबरी रिंगा फुगतात. पुढेमागे त्या वाटेने जायचा विचार असेल, तर आतल्या रिंगा टेफलॉनच्या आहेत का, हे आजच विचारून ठेवा. हार्डनर मिसळून मारायचा टू-के क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मात्र घरात फवारू नये. त्यात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक आहे आणि साध्या मास्कने अडत नाही. ल्युअरवरचा शेवटचा चकचकीत थर इपॉक्सीचा किंवा यूव्ही रेझिनचा द्या, आणि तो कुंचल्याने. इपॉक्सी एअरब्रशमध्ये घातली की ती आतच दगड होते.

तिसरी पायरी: डबल ॲक्शन, वरून कप

एअरब्रशच्या सिंगल ॲक्शन प्रकारात ट्रिगर दाबला की हवा आणि रंग एकदमच सुटतात. रंग किती यायचा ते वेगळ्या स्क्रूने आधीच ठरवावं लागतं. डबल ॲक्शनमध्ये ट्रिगर खाली दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग. मागे जितकं ओढाल तितका रंग जास्त. पाठीवरचा गडद हिरवा बाजूला विरवायचा असतो तेव्हा हा ताबा बोटातच लागतो. सिंगल ॲक्शन लवकर जमतो, पण ल्युअरवर त्याची मर्यादा लगेच जाणवते. डबल ॲक्शनची सवय व्हायला काही संध्याकाळी जातात. त्या द्याव्यात.

रंग वरच्या कपातून येणारे आणि खालच्या बाटलीतून ओढून घेणारे, असेही दोन प्रकार आहेत. ल्युअर लहान असतो, त्याला एका वेळी रंगाचे मोजके थेंब लागतात आणि दर थोड्या वेळाने रंग बदलावा लागतो. त्यामुळे वरचा कप सोयीचा. तो कमी दाबावर चालतो, धुवायला सोपा असतो आणि रंग वाया जात नाही. एकाच रंगाचा बेस, म्हणजे सगळ्यात खालचा थर, पन्नास ल्युअरना मारायचा असेल तेव्हाच बाटलीवाला उपयोगी पडतो.

चौथी पायरी: नोझल

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बाजारात ०.२, ०.३, ०.३५ आणि ०.५ मिमीची नोझल सर्रास दिसतात. जितकं बारीक तितकं भारी, असा समज आहे. ल्युअरच्या बाबतीत तो नुकसान करतो.

ल्युअरच्या रंगांत तीन त्रासदायक गोष्टी असतात. पांढरा बेस दाट असतो, कारण त्याने लाकडाचा रंग पूर्ण झाकायचा असतो. मोतिया रंगात अभ्रकाचे सूक्ष्म पापुद्रे असतात. आणि चमकीचे कण तर त्याहून मोठे. ०.२ मिमीच्या तोंडातून हे सगळं काढायचं म्हणजे रंग इतका पातळ करावा लागतो की तो ल्युअरवरून ओघळतो. ०.३ मिमीवर बारीक काम उत्तम होतं आणि नीट गाळलेला मोतिया रंगही जातो. ०.३५ त्याहून निर्धोक. ०.५ मिमीतून पांढरा बेस झपाट्याने बसतो आणि हात साधला की मध्यम जाडीची रेघही निघते.

एकच घ्यायचा असेल तर ०.३ किंवा ०.३५ मिमीचा घ्या. तुमच्या चिठ्ठीत मोतिया आणि पांढरा जास्त असेल तर ०.५ कडे झुकायला हरकत नाही. इवाटाचा निओ सीएन ०.३५ मिमीचा आहे, बॅजरचा पेट्रियट १०५ हा ०.५ मिमीचा, दोन्ही डबल ॲक्शन, दोन्हींचा कप वर. चमकीचे मोठे कण मात्र यातल्या कशातूनही काढू नका. ती चमकी क्लिअरमध्ये मिसळून कुंचल्याने लावावी.

महाल भागातल्या चितारओळीत गणपतीच्या आधी मूर्तिकार स्प्रेने मूर्तीच्या अंगकांतीची छटा मारत असतात. गन मूर्तीपासून किती अंतरावर चालते, कडेला पोचल्यावर रंग कसा थांबवला जातो, हे तिथे उभं राहून बघण्यासारखं आहे. फक्त त्यांच्या गनचं तोंड मोठ्या मूर्तीसाठी असतं. तीच गन दहा सेंटिमीटरच्या ल्युअरला आणू नका.

पाचवी पायरी: सुटे भाग विचारा

नोझल आणि त्याच्या आत बसून रंग अडवणारी-सोडणारी सुई, या झिजणाऱ्या वस्तू आहेत. सुईचं टोक एकदा टेबलावरून पडलं की वाकतं. बऱ्याच स्वस्त एअरब्रशमध्ये नोझल बारीक आट्यांचं असतं आणि पाना जरा जास्त आवळला की आटे तुटून आत अडकतात. काही मॉडेलमध्ये नोझल नुसतं जागेवर बसतं, पुढची टोपी त्याला धरून ठेवते. शिकणाऱ्यासाठी ते चांगलं.

विकत घेण्याआधी एकच गोष्ट विचारा: याच मॉडेलचं नोझल, सुई आणि रिंगांचा संच भारतात मिळतो का आणि केवढ्याला? उत्तर गोलमोल आलं तर तो एअरब्रश कितीही देखणा असला तरी सोडून द्या. बिनानावाचा स्वस्त संच घ्यायचा झाला, तर एक जादा सुई आणि दोन जादा नोझल त्याच दिवशी घ्या. पुढच्या खेपेला त्याच मापाचं येईल याची खात्री नसते.

सहावी पायरी: कंप्रेसरला पैसे राखून ठेवा

एअरब्रशपेक्षा कंप्रेसर महाग पडला तर दचकू नका. तसंच असायला हवं. चांगला कंप्रेसर तीन एअरब्रश झिजवून उरतो.

टाकी नसलेल्या छोट्या कंप्रेसरमधून हवा धक्क्याधक्क्याने येते आणि विरवलेल्या रंगात ते धक्के दिसतात. तीन लिटरची का होईना, टाकी हवीच. पिस्टनचा, तेल न लागणारा, सुमारे १/५ अश्वशक्तीचा, दाब भरला की आपोआप बंद होणारा कंप्रेसर ल्युअरच्या कामाला पुरतो. सोबत दाब कमीजास्त करायचा रेग्युलेटर, काटा दाखवणारा मीटर आणि पाणी अडवणारा ट्रॅप असावा. बहुतेक काम १५ ते २५ पीएसआयवर (हे दाबाचं माप) होतं. दाट पांढऱ्याला ३० पर्यंत जावं लागतं. हँडलला चिकटलेले चार्जिंगचे छोटे कंप्रेसर जत्रेत टॅटू काढायला ठीक असतील, पण दाट बेसला त्यांचा दाब पुरत नाही.

गॅरेजचा मोठा कंप्रेसर आधीच घरी असेल तर तोही चालतो. त्याला बारीक रेग्युलेटर आणि ट्रॅप जोडा. आवाज मात्र भरपूर, तेव्हा दुपारी शेजाऱ्यांची झोप सांभाळा.

आपल्याकडे पावसाळ्यात ट्रॅपला पर्याय नाही. दमट हवा दाबली की टाकीत पाणी साठतं. ते पाइपमधून आलं की रंग बसत आलेल्या ल्युअरवर थेंब उडतो आणि तो थर पुसून पुन्हा मारावा लागतो. काम संपलं की टाकीखालचा नळ उघडून पाणी काढून टाका.

जोडणीचं माप पाहा. बहुतेक एअरब्रशला १/८ इंच बीएसपी (ब्रिटिश मापाचे पाइपचे) आटे असतात, कंप्रेसरला बहुधा १/४ इंच. बॅजर आणि पाशे यांचे आटे वेगळे असतात, त्यांना अडॅप्टर लागतो. एअरब्रश हातात घेऊन इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत गेलात तर पितळी जोडण्या निवडणं सोपं जातं. माप फोनवर सांगू नका.

सातवी पायरी: पैसे देण्याआधी तपासा

सुई मागून बाहेर काढायला लावा. काचेवर हलकेच फिरवा. टोक वाकडं असेल तर ते थरथरताना दिसतं. ट्रिगर दाबून सोडला की लगेच परत यायला हवा. कपात साधं पाणी घालून वर्तमानपत्रावर फवारा मारा: ठिपका गोल आणि मधोमध यावा. कपातल्या पाण्यात बुडबुडे येत असतील तर नोझल नीट बसलेलं नाही किंवा चिरलेलं आहे. घट्ट बसवूनही ते थांबले नाहीत तर दुसरा नग मागा. ऑनलाइन घेतला असेल तर हीच तपासणी परत करायची मुदत संपण्याआधी करा.

आठवी पायरी: पहिले काही दिवस

ऋतू बघून सुरुवात करा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी असते आणि सुईच्या टोकावरच रंग वाळतो. फवारा अडखळतो, मग एकदम पिचकारी उडते. अशा दिवसांत पहाटे काम करा, रंगात थोडा रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) घाला आणि अधूनमधून ओल्या ब्रशने टोक पुसा. कूलरच्या खोलीत हवा दमट असल्याने टोक कमी वाळतं, पण कूलरच्या झोतात बसू नका, फवारा भरकटतो. हिवाळा शिकायला सगळ्यात चांगला. पाण्याचा रंग असला तरी तोंडावर एन-९५ मास्क आणि खिडकी उघडी, हे प्रत्येक वेळी.

सराव ल्युअरवर नको. आधी कागदावर ठिपके, मग रेघा, मग गडद ते फिकट पट्टा. त्यानंतर प्लास्टिकच्या चमच्यांच्या पाठीवर. त्यांचा फुगीरपणा ल्युअरसारखाच असतो. हवा नेहमी आधी सुरू करा आणि शेवटी बंद करा, रंग त्या दोन्हींच्या मध्ये. खवल्यांसाठी कांद्याच्या पिशवीची किंवा मच्छरदाणीची जाळी ताणून लावा आणि कमी दाबावर, सरळ समोरून मारा. तिरका मारला तर रंग जाळीखाली शिरतो.

प्रत्येक रंगानंतर कपात पाणी घालून ते स्वच्छ येईपर्यंत फवारा. दिवसाचं काम संपलं की सुई काढून ओल्या फडक्याने मागून टोकाकडे पुसा. नोझल दर वेळी उघडायची गरज नाही; उघडल्याने ते जास्त तुटतं. ०.२ मिमीच्या एअरब्रशचा विचार मात्र तेव्हा करा, जेव्हा एखाद्या पॅटर्नमधली विशिष्ट रेघ ०.३ मधून निघत नाही हे तुम्ही रंग पातळ करून, दाब उतरवून आणि ल्युअरच्या जवळ जाऊन पाहिलं असेल.