नसरीन सोतूदेहवर दहा मिनिटं बोलायचंय? मग ३८ वर्षांपासून सुरुवात करू नका

महिला दिन जवळ आला की कुणीतरी म्हणतंच, इराणच्या त्या वकील बाईंवर बोल ना जरा. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा "३८ वर्षं तुरुंगवास आणि १४८ फटके" असं सुरुवातीलाच धाडकन सांगून टाकलं, लोक हळहळले आणि मग मागून एका आजींनी विचारलं, अगं पण तिने केलं काय होतं? माझी ततपप. तेव्हापासून क्रमच बदललाय.

सुरुवात रस्त्यावरून करा. तेहरानचा इंगेलाब रस्ता, २७ डिसेंबर २०१७. (इंगेलाब म्हणजे आपल्या घोषणेतलं इन्किलाबच, हे सांगा, लोक कान टवकारतात.) विदा मोवाहेद नावाची तरुणी रस्त्याकडेच्या युटिलिटी बॉक्सवर चढली, डोक्यावरचा पांढरा स्कार्फ काढून काठीच्या टोकाला लावला आणि झेंड्यासारखा धरून उभी राहिली, बस्स. तिला पकडलं. मग आणखी बायका तशाच उभ्या राहायला लागल्या, आणि अशा बायकांची वकिली घेतली नसरीनबाईंनी. हे चित्र सावकाश उभं करा, इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया.

आता कायदा. त्या वेळी इराणच्या दंडविधानात, कलम ६३८ खाली, हिजाबशिवाय बाहेर दिसलेल्या बाईला १० दिवस ते २ महिने कैद किंवा दंड होता. आणि वकीलबाईंना? जून २०१८ मध्ये अटक, मार्च २०१९ मध्ये शिक्षा कळली, सगळे आरोप मिळून ३८ वर्षं. पण तिथल्या नियमाने त्यातली सगळ्यात मोठी एकच भोगायची असते, ती १२ वर्षांची, आणि ती होती "अनैतिकता आणि वेश्याव्यवसायाला चिथावणी" या आरोपाखाली. म्हणजे स्कार्फ काढणारीला जास्तीत जास्त दोन महिने, आणि तिची बाजू घेणारीला बारा वर्षं. हे आकडे शेजारी शेजारी ठेवा आणि गप्प बसा, पाणी प्या, काही समजावून सांगायला जाऊ नका.

एक चूक हमखास होते, "हिजाबविरोधी" म्हणायची. विरोध सक्तीला आहे, कापडाला नाही. त्यांच्या नवऱ्याला, रेझा खानदानना, डिसेंबर २०२४ मध्ये आत टाकलं त्या जुन्या केसमध्ये बिल्ले होते, त्यावर वाक्यच मुळी "सक्तीच्या हिजाबला माझा विरोध आहे" असं.

वेळ उरला तर २०१२ सांगा. आधीच्या तुरुंगवासात बारा वर्षांच्या लेकीवर परदेशप्रवासाची बंदी घातली म्हणून या बाईंनी एविन तुरुंगात ४९ दिवस उपोषण केलं. स्वतःच्या शिक्षेसाठी नाही हां, लेकीसाठी.

आणि "आजही त्या तुरुंगात आहेत" असं जुनं काहीतरी वाचून ठोकून देऊ नका. २०१३ ला सुटल्या, २०१८ ला पुन्हा आत, मग काही काळाने बाहेर, ऑक्टोबर २०२३ मध्ये अर्मिता गेरावांद (तेहरान मेट्रोत हिजाबवरून झटापट झाल्याचं सांगितलं जातं, त्यानंतर गेलेली किशोरवयीन मुलगी) हिच्या अंत्यविधीला गेल्या तिथून पुन्हा उचललं, नोव्हेंबरात जामीन. त्यामुळे आदल्या रात्री बातम्या बघाच. आणि नाव पाठ करा, नोबेलवाल्या त्या नर्गिस मोहम्मदी, या नसरीन, मी स्टेजवर गल्लत केलेली आहे.